रस्त्याची रचना आणि वाहनाचा वेग : नवी मुंबईच्या नगररचनेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

गोषवारा

वाहनांच्या वेगाला आवर घालण्यासाठी कायदा, सूचनाफलक आणि दंड ही साधने शतकाहून अधिक काळ वापरली जात आहेत. रस्त्याची रुंदी, वळणे, पृष्ठभाग आणि कडेची बांधणी यांच्या साहाय्याने चालकास वेग कमी करण्यास प्रवृत्त करावे, हा विचार मात्र तुलनेने अलीकडचा आहे. प्रस्तुत लेखात या विचाराचा इतिहास थोडक्यात मांडून, नवी मुंबई या नियोजित शहराच्या रस्त्यांकडे त्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या शहराच्या नियोजनात वेगवान रस्ते बाहेर आणि संथ रस्ते आत अशी विभागणी झाली. परंतु माणसाला जेथे वेगवान रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागते त्या सांध्याची रचना दुर्लक्षित राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नवी मुंबई, सिडको, नगररचना, गतिरोधक, पाम बीच मार्ग, आर्टिस्ट व्हिलेज, पादचारी सुरक्षितता.

प्रस्तावना

रस्ते अपघात हा विषय आपल्याकडे प्रामुख्याने चालकाच्या बेशिस्तीचा विषय म्हणून मांडला जातो. रस्ता सुरक्षा सप्ताहात घोषवाक्ये लिहिली जातात, विद्यार्थ्यांच्या फेऱ्या निघतात, चालकांना शपथा दिल्या जातात. या उपक्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदराखाली नोंदले गेले आहेत. 'अतिवेग' या शब्दात दोष चालकाच्या माथी जातो. परंतु ज्या रस्त्यावर तो वेग शक्य झाला आणि चालकास स्वाभाविक वाटला, त्या रस्त्याची रचना कोणी व कोणत्या हेतूने केली, हा प्रश्न त्या शब्दामागे झाकला जातो.

हा प्रश्न विचारण्यासाठी नवी मुंबई हे विशेष उपयुक्त शहर आहे. मुंबई, पुणे किंवा नाशिक येथील जुने रस्ते बैलगाडी, टांगा व पायी चालणाऱ्या माणसांच्या काळात घडले आणि नंतर मोटारींच्या हाती गेले. नवी मुंबईचे रस्ते मात्र मोटारीचे युग गृहीत धरून कागदावर आखले गेले आणि मग जमिनीवर उतरले. त्यामुळे येथे रस्त्याचे जे गुणदोष आढळतात, त्यांना बहुतांशी नियोजनाचे गुणदोष म्हणावे लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) रस्त्याच्या रचनेतून वेगनियंत्रण या विचाराचा ऐतिहासिक विकास समजून घेणे.
२) भारतातील गतिरोधकाच्या मानकांची पूर्वपीठिका तपासणे.
३) नवी मुंबईच्या नगररचनेत वेगवान व संथ रस्त्यांची जी विभागणी झाली तिचे स्वरूप व परिणाम स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, मुख्यतः प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. कायदा व सूचनाफलक

वेगाचे नियमन प्रथम कायद्याने झाले. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने वाफेवर चालणाऱ्या वाहनांस शहरात ताशी २ मैल आणि शहराबाहेर ४ मैल इतकीच मुभा होती, आणि वाहनापुढे लाल निशाण घेतलेला मनुष्य चालत असे. १८९६ मध्ये हे बंधन सैल झाले व १९०३ मध्ये मर्यादा ताशी २० मैलांपर्यंत आली. भारतात १९१४, १९३९ व १९८८ चे मोटार वाहन कायदे याच परंपरेतील होत. या सर्व कायद्यांत एक गृहीत समान आहे. ते असे की, रस्ता ही तटस्थ वस्तू आहे. वेग हा सर्वस्वी चालकाच्या इच्छेचा भाग आहे. म्हणून चालकास सांगितले, आणि न ऐकल्यास शिक्षा केली, की काम भागते.

प्रत्यक्षात चालक आपला वेग फलक वाचून क्वचितच ठरवतो. समोर किती दूरवर दिसते, मार्गिका किती रुंद आहे, कडेला झाडे, घरे वा माणसे किती जवळ आहेत, वळण किती तीव्र आहे, यांवरून त्याचा पाय नकळत कमी-अधिक दाबला जातो. घाटातील नागमोडी वळणावर कोणत्याही फलकाशिवाय गाडी हळू होते. आणि सरळ, रुंद, मोकळ्या रस्त्यावर फलक असूनही ती हळू होत नाही. फलक व रस्ता यांनी परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या, तर चालक बहुधा रस्त्याचे ऐकतो. हे साधे निरीक्षण नियोजनशास्त्रात मान्य होण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

२. रचनेतून वेगनियंत्रण : परदेशातील पूर्वपीठिका

रस्त्यावर मुद्दाम उंचवटा घालण्याचे एक प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण अमेरिकेतील आहे. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन हे सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलपती असताना, विद्यापीठाच्या आवारातील भरधाव मोटारींमुळे त्रस्त झाले आणि १९५३ मध्ये त्यांनी स्वतःच अशा उंचवट्याचा आराखडा केला.

पुढील टप्पा ब्रिटनमधील आहे. १९६३ मध्ये कॉलिन ब्यूकॅनन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने 'ट्रॅफिक इन टाउन्स' हा अहवाल सादर केला. शहरातील वाहतूक वाहून नेणारे मार्ग वेगळे आणि राहण्या-वावरण्याचे परिसर वेगळे, अशी विभागणी त्याने सुचवली. १९७३ मध्ये तेथील ट्रान्स्पोर्ट अँड रोड रिसर्च लॅबोरेटरीत जी. आर. वॉट्स यांनी निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांवर प्रयोग केले. त्यांतून १२ फूट लांबीचा व ४ इंच उंचीचा वर्तुळखंडाच्या आकाराचा उंचवटा योग्य ठरला. अरुंद व टोकदार उंचवट्यावरून गाडी हळू नेली तर जोराचा धक्का बसतो. परंतु वेगात नेली तर चाके व स्प्रिंगा तो धक्का बऱ्याच अंशी पोटात घेतात. म्हणजे असा उंचवटा हळू जाणाऱ्यासच शिक्षा करतो. लांबट व गोलसर उंचवट्यावर याच्या उलट घडते. वेग वाढेल तशी अस्वस्थता वाढते.

याच काळात नेदरलँड्समध्ये हा प्रश्न तंत्रज्ञांच्या हातून नागरिकांच्या हाती गेला. १९७१ मध्ये त्या लहानशा देशात ३,२०० हून अधिक माणसे रस्त्यावर मरण पावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराच्या लेखातून 'बालहत्या थांबवा' या अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. डेल्फ्ट शहरात त्याआधीपासूनच योस्ट वाल यांच्यासारखे नियोजक निवासी गल्ल्यांची पुनर्रचना करीत होते. पदपथ व रस्ता यांतील पायरी काढून टाकणे, सरळ गल्लीत झाडे, बाके व वळणे आणणे, वाहनतळाची जागा आलटून पालटून दोन्ही बाजूंस ठेवणे, असे हे उपाय होते. अशा गल्लीत चालकास आपण दुसऱ्याच्या अंगणातून जात आहोत असे वाटते. 'वोनेर्फ' म्हणजे 'निवासी अंगण' या नावाने या गल्ल्यांना १९७६ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. तेथून हा विचार जर्मनी, डेन्मार्क व अन्य देशांत पसरला. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने स्वीकारलेल्या 'व्हिजन झीरो' धोरणाने त्यास नैतिक अधिष्ठान दिले. माणूस चुका करणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि तशी व्यवस्था करणे हे रस्ता आखणाऱ्यांचे कर्तव्य आहे, हे त्या धोरणाचे सूत्र होय.

दृष्टिभ्रमाचाही उपयोग करण्यात आला. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात वेगवान मार्ग जेथे वर्तुळाकार चौकास मिळतो, तेथे रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे रंगवण्यात आले. चौक जवळ येईल तसे पट्ट्यांमधील अंतर कमी होत जाते. त्यामुळे चालकास आपला वेग वाढत असल्याचा भास होतो व तो गाडी हळू करतो. शिकागो येथील लेक शोअर ड्राइव्हच्या धोकादायक वळणावर २००६ मध्ये असेच पट्टे आखले गेले आणि थेलर व सनस्टीन यांच्या 'नज' (२००८) या ग्रंथामुळे ते जगभर चर्चेत आले. मुंबईतही त्याच जातीचा एक प्रयोग झाला आहे. २०१० च्या सुमारास हार्बर मार्गावरील वडाळा येथे रूळ ओलांडणाऱ्यांचे मृत्यू कमी व्हावेत म्हणून रुळांखालील काही स्लीपर पिवळ्या रंगाने रंगवण्यात आले. मोठी वस्तू लांबून येताना आहे त्यापेक्षा संथ भासते. एकामागून एक पिवळे स्लीपर झाकले जाताना दिसले की गाडीच्या खऱ्या वेगाचा अंदाज येतो. नजरेला योग्य ती खूण मिळाली तर वर्तन बदलू शकते, ही त्यामागील भूमिका होती.

३. गतिरोधकाची भारतीय वाटचाल

भारतात वेगनियंत्रक रचना म्हटली की बहुधा गतिरोधकच डोळ्यांपुढे येतो. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'आयआरसी ९९' या क्रमांकाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडाचा, ३.७ मीटर रुंदीचा व १० सेंटिमीटर उंचीचा असावा आणि त्यावरून साधारणतः ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन जावे, अशी अपेक्षा आहे. ही मापे वॉट्स यांच्या १२ फूट व ४ इंच या मापांशी जुळतात, हे सहज लक्षात येते. गतिरोधकाच्या ४० मीटर आधी सूचनाफलक असावा, त्यावर ठळक पट्टे रंगवलेले असावेत आणि तो दुय्यम रस्त्यांवरच असावा, असेही त्यात सांगितले आहे.

मानक असे असले तरी व्यवहार निराळा आहे. आपल्या गल्ल्यांतून आढळणारे अनेक गतिरोधक हातभर रुंदीचे, उंच व टोकदार असतात. एखादा अपघात होतो, लोक रस्त्यावर उतरतात, आणि त्यांचा क्षोभ शमावा म्हणून रातोरात डांबराचा ढीग टाकला जातो. त्यावर रंग नसतो, आधी फलक नसतो. वॉट्स यांच्या प्रयोगांनी जो आकार बाद ठरवला, नेमका तोच आपल्याकडे रूढ झाला. अशा गतिरोधकावर दुचाकीस्वार पडतात, मागे बसलेली व्यक्ती फेकली जाते, रुग्णवाहिकेतील रुग्णास यातना होतात. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकण्यास सांगितले, त्यामागे हीच कारणे होती. २०१८ मध्ये आयआरसी ९९ ची सुधारित आवृत्ती आली. तिच्या शीर्षकातच गतिरोधकाच्या जागी शहरी व ग्रामीण भागांतील वाहतूक संथ करण्याच्या उपाययोजना असा व्यापक विषय आला आहे. एका उंचवट्याकडून संपूर्ण रस्त्याच्या रचनेकडे झालेले हे संक्रमण महत्त्वाचे आहे.

लोकांनी मागितलेला गतिरोधक हा एका अर्थी नागरिकांनी नियोजनावर घेतलेला लेखी आक्षेपच असतो. 'येथे आम्हाला रस्ता ओलांडायचा आहे, हे आराखड्यात विसरले गेले', असे तो सांगतो. या दृष्टीने नवी मुंबईच्या आराखड्याकडे पाहणे उद्बोधक ठरते.

४. नवी मुंबईचा आराखडा : बाहेर वेग, आत संथपणा

मुंबईवरील भार कमी करण्यासाठी ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे विस्तार करावा, अशी शिफारस स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ मध्येच केली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी मुंबईत केम्प्स कॉर्नर येथे देशातील पहिला उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला आणि त्याचे अभियंता शिरीष पटेल हेच होते. म्हणजे मोटारीचा वेग अडथळ्याविना पुढे नेणे आणि माणसासाठी नवे शहर आखणे, या दोन्ही गोष्टी एकाच पिढीच्या, किंबहुना एकाच व्यक्तीच्या कार्यात एकत्र आल्या होत्या.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे नव्या शहराच्या कक्षेत आली. एकाच केंद्राभोवती शहर वाढण्याऐवजी वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली, खारघर, नवीन पनवेल अशी अनेक उपनगरे सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गांवर मण्यांसारखी ओवावीत, असे मूळ सूत्र होते. प्रत्येक उपनगर सेक्टरांत विभागले गेले.

'सेक्टर' या कल्पनेस मोठी परंपरा आहे. अमेरिकेत १९२९ मध्ये क्लॅरेन्स पेरी यांनी 'नेबरहूड युनिट'ची कल्पना मांडली. प्राथमिक शाळा मध्यभागी असावी, मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये आणि वेगवान वाहतूक वस्तीच्या कडेने जावी, हे तिचे मर्म होय. याच सुमारास न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे मोटारी व पादचारी यांचे मार्ग वेगळे करण्यात आले. भारतात ल कॉर्ब्यूझिए यांनी चंडीगडमध्ये रस्त्यांची सात श्रेणींत विभागणी केली आणि सेक्टरच्या कडेने वेगवान व आत संथ मार्ग ठेवले. नवी मुंबईचे सेक्टर चंडीगडपेक्षा लहान व अनियमित असले तरी तत्त्व तेच आहे. वाशी वा नेरूळच्या जुन्या सेक्टरांत आत शिरल्यावर रस्ते आखूड होतात, वळतात, इमारतींच्या फाटकाशी संपतात. तेथून आरपार जाण्याचा मोह चालकास सहसा होत नाही.

या संथपणाचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे बेलापूर येथील आर्टिस्ट व्हिलेज होय. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ५.४ हेक्टर जागेवर ५५० कुटुंबांसाठी ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी साकारली. सात घरांभोवती सुमारे ८ मीटर लांबी-रुंदीचे एक अंगण; अशा तीन गटांची मिळून २१ घरे आणि त्यांचे १२ मीटरचे मोठे अंगण; त्याहून मोठ्या समूहासाठी २० मीटरची मोकळी जागा, अशी ती चढती रचना आहे. कमी उंचीच्या घरांतून दाट वस्ती साधणे, प्रत्येकास वाढवता येईल असे घर व आकाशाखालची जागा देणे, हा कोरियांचा मुख्य हेतू होता. वेगनियंत्रण हा नव्हता. तरीही परिणाम तोच झाला. अंगणातून अंगणात जाणाऱ्या वाटेवर दृष्टी दूर पोहोचत नाही, कडेला घराचा उंबरठा आहे, कोठे मूल खेळत असेल ते सांगता येत नाही. अशा जागी वेगमर्यादेचा फलक लावण्याची आवश्यकताच उरत नाही. डेल्फ्टच्या 'निवासी अंगणा'शी याचे साम्य उघड आहे. परंतु कोरियांची प्रेरणा आपल्याकडील अंगण व गावठाणाची वीण ही होती. नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावठाणांतील अरुंद गल्ल्याही हेच करतात. आज आर्टिस्ट व्हिलेजमधील अनेक मूळ घरांच्या जागी मोठी बांधकामे आली आहेत, तरी त्या वसाहतीने शिकवलेला धडा शिल्लक आहे.

५. सांध्याचा प्रश्न : पाम बीच मार्ग

आत संथ व बाहेर वेगवान ही विभागणी तर्कशुद्ध आहे. तिच्यातील उणीव अशी की, माणसाचे जीवन एका सेक्टरात मावत नाही. मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की त्याची शाळा पलीकडे असते. रेल्वे स्थानक, बाजार, महाविद्यालय, रुग्णालय पलीकडे असते. आतल्या सुरक्षित गल्लीतून निघालेला पादचारी काही मिनिटांतच त्या वेगवान कडेवर येऊन उभा राहतो. शहराची शिवण येथे असते आणि तीच उसवते.

वाशी ते बेलापूर असा सुमारे १० किलोमीटरचा सहापदरी पाम बीच मार्ग हे याचे ठळक उदाहरण होय. एका बाजूस खाडी व कांदळवन, दुसऱ्या बाजूस सानपाडा, नेरूळ व बेलापूरची वस्ती. रस्ता रुंद, दृष्टी दूरवर मोकळी, बऱ्याच लांबीत कडेस घरांची दारे नाहीत, चौक मोजके. १९८३ च्या 'आयआरसी ८६' या मानकात नागरी रस्त्यांचे आलेखन करताना धरावयाचा वेग मुख्य मार्गासाठी ताशी ८०, उपमुख्य मार्गासाठी ६०, संकलक मार्गासाठी ५० व स्थानिक गल्लीसाठी ३० किलोमीटर असा दिला होता. म्हणजे मुख्य मार्गाची वळणे, रुंदी व दृष्टिपल्ला ८० च्या वेगास सुखावह होईल, अशीच अभियंत्याकडून अपेक्षा होती. अशा रस्त्यावर नंतर कमी वेगाचा फलक लावला, तर तो रस्त्याच्या विरुद्ध बोलतो. पाम बीच मार्गावरील भरधाव वाहने व अपघात यांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत, त्याचे मूळ या विसंगतीत शोधावे लागेल.

हा रस्ता निर्मनुष्य आहे असे समजणेही बरोबर नाही. सारसोळेचे कोळी बांधव खाडीतील जेट्टीकडे जाण्यासाठी तो ओलांडतात. करावे व बेलापूरच्या किल्ले गावठाणालगतचे रहिवासी त्याच्या काठाशी आहेत. सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणारे नागरिक नेरूळच्या तलावाकडे जातात. जमिनी शहरास दिल्या त्या गावांनाच खाडीकडे जाताना शहराचा सर्वांत वेगवान प्रवाह पार करावा लागतो, हा या प्रश्नातील न्यायाचा भाग आहे.

साधा हिशेब केला तरी स्थिती स्पष्ट होते. तीन मार्गिकांची एक बाजू सुमारे १०.५ मीटर रुंद असते. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या निरोगी माणसास ती ओलांडण्यास जवळपास ९ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ताशी ६० च्या वेगाचे वाहन सुमारे १४५ मीटर आणि ८० च्या वेगाचे सुमारे १९५ मीटर अंतर कापते. डोक्यावर पाटी घेतलेली वा वयस्क स्त्री सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर ८० च्या वेगाचे वाहन जवळपास २९० मीटर लांब असतानाच तिने पाऊल उचलले पाहिजे. रात्री इतक्या अंतरावरील दिव्यांवरून वेगाचा अंदाज करणे कोणासही दुरापास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिपादनानुसार सरासरी वेगात १ टक्का वाढ झाली की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे सांध्याच्या ठिकाणी दहा किलोमीटरचा फरकही जीवनमरणाचा ठरतो.

येथे गतिरोधक हे उत्तर नव्हे. आयआरसीच्या मूळ मार्गदर्शक तत्त्वांनुसारही अशा मार्गावर तो अपेक्षित नाही. चौकाच्या अलीकडेच मार्गिका थोड्या अरुंद करणे, दुभाजकात पादचाऱ्यास थांबण्यास पुरेशी जागा ठेवणे, म्हणजे त्याला एका वेळी एकच दिशा पाहावी लागेल. डावीकडे वळणाऱ्या कोपऱ्याची त्रिज्या कमी करणे. ओलांडण्याची जागा रस्त्याच्या पातळीहून किंचित उचललेली व लांब उताराची करणे. कडेला झाडांची ओळ जवळ आणणे. आणि चौकापूर्वी कमी होत जाणाऱ्या अंतराचे आडवे पट्टे आखणे, हे उपाय येथे विचारार्ह आहेत. वर्तुळाकार चौक हेही वेगनियंत्रणाचे साधन आहे. मात्र त्याचा व्यास व प्रवेशाचा कोन महत्त्वाचा. विस्तीर्ण सर्कलला वाहने वेग न उतरवता वळसा घालतात. आटोपशीर चौकात त्यांना वेग उतरवावाच लागतो.

६. वेगाची सवय : कळंबोली व अटल सेतू

नवी मुंबईच्या भूगोलाने या प्रश्नास आणखी एक परिमाण दिले आहे. २००२ मध्ये पूर्णत्वास गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीजवळ शहरात उतरतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला सुमारे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून निघून न्हावा-शेवाच्या परिसरात येतो. त्यावर मोटारींस ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, तर चढ-उताराच्या जोडमार्गांवर ४० ची. दोन्ही मार्गांवर पादचाऱ्यास प्रवेश नाही. तेथे वेग असणे हे त्यांचे प्रयोजनच आहे. परंतु तासभर १०० च्या वेगाने आलेल्या चालकाची नजर त्या वेगास सरावलेली असते. वेग ६० वर आणला तरी त्यास तो रांगल्यासारखा वाटतो. ब्रिटनमध्ये आडवे पट्टे वेगवान मार्गाच्या शेवटीच प्रथम आखले गेले, त्याचे कारण हेच.

द्रुतगती मार्गावर २०१६ पासून शासकीय यंत्रणा व स्वयंसेवी संस्था यांनी 'झीरो फॅटॅलिटी कॉरिडॉर' उपक्रम राबवला. पुलांच्या खांबांसारख्या कठीण अडथळ्यांभोवती संरक्षक कठडे घालण्यासारख्या रचनात्मक दुरुस्त्या हा त्याचा एक महत्त्वाचा भाग होता. बंदिस्त महामार्गावर अशा दुरुस्त्यांची निकड मान्य झाली. शहरात जेथे तो वेग पादचाऱ्यांत येऊन मिसळतो, तेथील संक्रमणाचे काही शे मीटर मात्र अजून तितक्या बारकाईने आखले जात नाहीत. विमानतळ सुरू झाल्यामुळे या मार्गांवरील वर्दळ वाढणार आहे, हे लक्षात घेता हा प्रश्न पुढे ढकलण्याजोगा नाही.

७. काही आक्षेप

रस्ते संथ केल्यास कोंडी वाढेल व इंधन वाया जाईल, हा पहिला आक्षेप. शहरातील प्रवासाचा एकूण वेळ मुख्यतः सिग्नल व चौकांवरील थांब्यांनी ठरतो. दोन सिग्नलांमध्ये गाठलेला कमाल वेग बहुधा पुढील सिग्नलला थांबण्यातच खर्ची पडतो. दुसरा आक्षेप असा की, पादचारी पूल वा भुयारी मार्ग बांधले की काम भागते. ते काही ठिकाणी आवश्यक आहेत. तथापि चढण्याचे श्रम वृद्ध, अपंग व ओझे वाहणाऱ्यांच्याच वाट्यास येतात आणि अनेकजण ते टाळून खालूनच जातात. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रचनेवर भर दिल्याने चालकाची जबाबदारी कमी होते काय? तसे होत नाही. दिल्लीच्या आयआयटीतील प्रा. दिनेश मोहन यांनी दीर्घकाळ मांडलेली भूमिका येथे उपयुक्त आहे. केवळ प्रबोधनाने अपघात घटत नाहीत. चूक झाली तरी जीव वाचेल अशी व्यवस्था लागते, असे ते सांगत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८ अ हे या दिशेने टाकलेले पाऊल होय. रस्त्याचे आलेखन, बांधकाम वा देखभाल विहित मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार वा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. रक्कम अल्प आहे. परंतु रस्ता तटस्थ नसतो, हे कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले, हे तिचे ऐतिहासिक मूल्य होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वेगनियंत्रणाचा इतिहास हा चालकास आज्ञा करण्यापासून रस्त्याची रचना बदलण्यापर्यंतचा प्रवास आहे. हा बदल काही ठिकाणी प्रयोगशाळेतून, तर नेदरलँड्ससारख्या देशात नागरिकांच्या दुःखातून घडून आला.

२) भारतीय गतिरोधकाचे मानक शास्त्रीय प्रयोगांशी सुसंगत असले तरी व्यवहारात त्याचा विपर्यास झाला. गतिरोधकाची लोकमागणी ही नियोजनातील उणिवेची खूण म्हणून वाचली पाहिजे.

३) नवी मुंबईत संथ रस्त्याची परंपरा परकी नाही. गावठाणांच्या गल्ल्या, जुन्या सेक्टरांतील वळणे आणि आर्टिस्ट व्हिलेजची अंगणे ही तिची येथीलच उदाहरणे होत.

४) या शहराच्या आराखड्याची उणीव वेगवान रस्ते असण्यात नसून, वेगवान व संथ यांच्या सांध्याची आखणी न करण्यात आहे. पाम बीच मार्गाचे चौक आणि कळंबोलीसारखी संक्रमणस्थाने यांना या दृष्टीने अग्रक्रम मिळावयास हवा.

५) नव्याने विकसित होणाऱ्या उलवे, द्रोणागिरी व विमानतळ परिसरात रस्ते अद्याप पूर्णतः घट्ट झालेले नाहीत. बांधलेला रस्ता अरुंद करणे राजकीयदृष्ट्या कठीण असते. आखतानाच योग्य रुंदी ठरवणे त्यामानाने सोपे आहे. ही संधी नवी मुंबईस दुसऱ्यांदा मिळत आहे.

महाविद्यालयांनाही यात करण्यासारखे आहे. भूगोल, इतिहास, समाजशास्त्र व अभियांत्रिकी या शाखांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयासमोरील एक चौक निवडून तेथील वाहनांचा वेग, रस्ता ओलांडण्यास लागणारा वेळ आणि कोपऱ्यांची मापे नोंदवली, तर रस्ता सुरक्षा सप्ताहातील घोषवाक्यांना पुराव्याची जोड मिळेल आणि महापालिकेपुढे ठेवण्यास एक विश्वसनीय दस्तऐवज तयार होईल.